टाकी भरली की मालकंस

आमच्या गल्लीत नर्मदा एक दिवसाआड येते. तिकडे जलूदला नदीतून उचललेलं पाणी विंध्याचा चढ चढून इंदूरला पोचतं, आणि मग आमच्यासारख्यांच्या गच्चीवरच्या टाकीतून वाहून रस्त्यावर जातं. दुसरा भाग लाजिरवाणा आहे, म्हणून मागच्या वर्षी मी टाकीसाठी एक अलार्म केला. टाकीत फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत वर येणारं बटण, खाली स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर एक डबी, डबीत बझर. टाकी भरली की बझर वाजणार, घरात जो असेल तो मोटर बंद करणार.

मार्चातल्या एका गुरुवारी मी भाजी घेऊन परतले तर आमच्या फाटकापाशी छोटी नर्मदा. धावत आत गेले. बझर जिवाच्या आकांताने किंचाळत होता. त्याच्यापासून चार हातांवर सासूबाई खुर्ची टाकून शांतपणे मटार सोलत होत्या.

“अहो आई, केव्हापासून वाजतंय ते!”

“काय वाजतंय?” त्यांनी मान वर केली. “कचरागाडी तर मघाशीच गेली.”

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. सासूबाईंचं वय ७८, पण कान तिखट. ओट्यावर मी पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावण मसाल्याची बरणी उघडली तरी बाहेरच्या खोलीतून ‘पोहे का?’ असं विचारणाऱ्या बाई त्या. दाराची कडी, कुकरची शिट्टी, शेजारच्या काकूंचं फोनवरचं बोलणं, सगळं त्यांना ऐकू येतं. आणि मी केलेलं यंत्र तेवढं ऐकू येत नाही!

यंत्र माझंच, तेव्हा आधी त्याची हकिकत सांगते. पीथमपूरच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं बोर्ड तपासायचं काम केलं. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली, सोल्डरिंगचा नाद सुटला नाही. या डबीत एसटीएम८ जातीचा २० पायांचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी चिप आहे, निळ्या छोट्या बोर्डावर मिळतो तोच, एसटीएम८एस१०३. पहिल्या खेपेला आवाज काढायचं काम मी प्रोग्रामकडूनच करून घेत होते. पिन, म्हणजे चिपचा एक पाय, वर, थोडं थांब, पिन खाली, थोडं थांब. ४ किलोहर्ट्झचा आवाज हवा तर दर १२५ मायक्रोसेकंदांनी पिन पालटायची, म्हणजे सेकंदाला ८००० वेळा. तेवढ्यात फ्लोट स्विचकडे बघायचं, एलईडी लुकलुकवायचा, बटण दाबलंय का ते तपासायचं. प्रोग्राम जरा दुसरीकडे वळला की आवाजाला खरखर येई, घसा बसलेल्या माणसासारखी. आणि एखादं काम लांबलं की आवाज मध्येच गचका खाई.

मग एका रात्री मॅन्युअल चाळताना ‘बीपर’ नावाचं प्रकरण दिसलं. इतकं छोटं की चहा निवायच्या आत वाचून होतं. चिपमध्ये आवाज काढणारा एक वेगळा कोपराच आहे. त्याला मुख्य घड्याळाशी देणंघेणं नाही. प्रोग्राम चालतो १६ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर, म्हणजे ठेका देणाऱ्या भागावर, हा कोपरा चालतो आतल्याच दुसऱ्या, मंद, १२८ किलोहर्ट्झच्या ऑसिलेटरवर. १२८ किलोहर्ट्झला आधी २ ते ३२ मधल्या तुम्ही सांगाल त्या आकड्याने भागायचं, मग पुन्हा ८, ४ किंवा २ ने. उरेल ती चौकोनी लाट थेट एका पिनवर, पीडी४ वर, बाहेर येते. भाजक १६ घेतला तर १२८ भागिले १६ म्हणजे ८, आणि त्याचे पुढे १, २ किंवा ४ किलोहर्ट्झ.

हे सगळं चालवायला एकच रजिस्टर, म्हणजे चिपमधला आकडा लिहायचा एक कप्पा, आठ बिटांचा. वरच्या दोन बिटांत ८-४-२ ची निवड, तिसरा बिट चालू-बंद, खालच्या पाच बिटांत भाजक. भाजकातून दोन वजा करून लिहायचं, म्हणजे १६ साठी १४. चिप जागी होते तेव्हा या पाच बिटांत सगळे एकच असतात, ३१. ती किंमत तशीच ठेवायची नाही अशी सक्त सूचना आहे. भाजक भरल्याशिवाय गाडी हलत नाही. २ किलोहर्ट्झला पूर्ण रजिस्टरचा आकडा होतो ६ई हेक्स (दहाऐवजी सोळाच्या पटीत लिहायची पद्धत), ४ किलोहर्ट्झला एई, १ किलोहर्ट्झला २ई. एकदा लिहिलं की झालं. गॅसवर कुकर लावून आपण कणीक मळायला घ्यावी, तसा प्रोग्राम आपल्या कामाला मोकळा. आवाज थांबवायचा तेव्हा तिसरा बिट शून्य करायचा.

माझ्या प्रोग्राममधल्या चाळीस ओळी गेल्या आणि तिथे एक ओळ आली. त्या रात्री मी एवढी खूश होते की नवऱ्याला झोपेतून उठवून ऐकवलं. त्याचा अभिप्राय इथे लिहिण्यासारखा नाही.

४ किलोहर्ट्झ का निवडले? बझर म्हणून जी पिझोची चकती होती, पितळेच्या पत्र्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा थर असलेली, ती ४ किलोहर्ट्झची होती. चकतीवर व्होल्टेज दिलं की सिरॅमिक ताणतं, काढलं की पूर्ववत होतं, आणि पत्रा त्याबरोबर पुरीसारखा फुगतो-बसतो. प्रत्येक चकतीची फुगण्या-बसण्याची एक आवडती गती असते. त्याच गतीने तिला ढकललं तर ती बेफाम वाजते. जरा बाजूला सरकलात की रुसली. वर तरुण कानही ३-४ किलोहर्ट्झच्या आसपासच सर्वांत तीक्ष्ण असतात. म्हणजे चकतीला आवडतं तिथे आणि कानालाही आवडतं तिथे, दुहेरी फायदा. शिवाय पिझो वीज जवळजवळ पीतच नाही, पिनला थेट जोडली तरी चालते. मी मध्ये एक छोटा रेझिस्टन्स घालते, एवढंच.

पण चकतीचा हा रुसवा एकदा चांगलाच नडला. ओळखीतल्या लोकांसाठी मी असे दहा डबे केले. तोच प्रोग्राम, त्याच चकत्या. आठ दणकून वाजले, दोन म्हाताऱ्या मांजरासारखे. मी सोल्डरिंग पुन्हा केलं, चकत्या बदलल्या, काही नाही. शेवटी मल्टिमीटर फ्रिक्वेन्सीवर लावून पिन मोजली तर ४००० च्या जागी ३७१९. आतला तो मंद ऑसिलेटर १२८ चा म्हणून ओळखला जातो, पण चिपगणिक थोडा इकडे-तिकडे असतो. या चिपमध्ये तो ११९ वर निघाला. प्रोग्राम बिचारा प्रामाणिकपणे ३२ ने भागत होता. भाजक १६ चा १५ केला, आकडा ३९६७ वर आला आणि डबा ओरडायला लागला. हा ऑसिलेटर टायमरला जोडून चिपला स्वतःच मोजायला लावायची सोय आहे, पण दोन डब्यांसाठी कोण एवढं करतं? मी मीटर लावून हाताने दुरुस्त केले.

तर, सासूबाई.

राग ओसरल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, आवाज ऐकू आला की हात वर करा. शाळेतल्यासारखं. नववीतली लेक परीक्षक म्हणून शेजारी उभी. आधी ४ किलोहर्ट्झ. लेकीने कानांत बोटं घातली, सासूबाई आमच्याकडे बघत बसल्या. मग २. हात वर. मग १. हात वर, पण “हे लांबून येतंय” असा शेरा. तीनदा उलटसुलट करून पाहिलं, उत्तर तेच. वय वाढतं तसे कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडून देतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. घरात कोणाच्या बाबतीत ते इतकं सरळ समोर येईल असं वाटलं नव्हतं. कुकरची शिट्टी, दाराची कडी, माणसांची बोलणी यांत खालच्या पट्टीतलंही पुष्कळ काही असतं. माझा बझर नेमका त्यांच्या कानांनी सोडलेल्या जागेवर जाऊन बसला होता.

म्हणजे २ किलोहर्ट्झ करा आणि मोकळे व्हा, एई च्या जागी ६ई. पण चकती ४ ची. २ वर ती रुसलेली, मोटरच्या घरघरीत तिचा आवाज बुडून जाई. चकतीच बदलायला हवी होती.

म्हणून महाराणी रोड, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा. दुकानदाराला म्हटलं, दोन किलोहर्ट्झचा बझर द्या. त्याने काळा, वाटाण्याएवढ्या भोकाचा, गोल बझर काढला आणि “दीदी, ये वाला बढ़िया बजता है” म्हणत दोन तारा लावून वाजवून दाखवला. बॅटरी लावताच टीं! इथेच खरं तर मला कळायला हवं होतं. बॅटरीवर जो सरळ टीं करतो त्याच्या पोटात स्वतःचा ऑसिलेटर असतो. तो आपल्याच सुरात वाजतो, त्याला बाहेरून लाट पाठवली की दोघांचं भांडण होतं. मला हवा होता आतून रिकामा, बॅटरी लावल्यावर नुसतं ‘टक्’ करणारा. घरी येऊन लावला, बेडकासारखं डरांव डरांव ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कूटर काढली. टक् करणारा बझर दाखवल्यावर दुकानदार म्हणाला, “ये तो खराब है दीदी, बजता ही नहीं।” तोच घेतला. चार घेतले.

हा बझर पिझोचा नव्हे, चुंबकाचा. आत तारेचं वेटोळं, त्याच्यावर पातळ पत्रा, वेटोळ्यातून वीज गेली की पत्रा ओढला जातो. माझ्याकडचा ४२ ओमचा. ५ व्होल्टला ४२ ने भागा, जवळजवळ १२० मिलिअँपिअर. चिपची पिन २० मिलिअँपिअरच्या वर न्यायची नसते. हे सगळं मला पाठ आहे, कारखान्यात पोरांना मीच शिकवायचे. तरी आळसाने मी तो थेट पिनला जोडून पाहिला. आवाज मरतुकडा, आणि मध्येच चिप रीसेट. शेवटी मुकाट्याने बीसी३३७ ट्रान्झिस्टर लावला, त्याच्या बेसला ४७० ओम, आणि बझरच्या दोन पायांत उलटा डायोड. वेटोळ्याची वीज तोडली की ते रागाने उलटा झटका मारतं, तो झटका डायोड गिळतो. ६ई लिहिलं. बझर असा खणखणीत वाजला की सासूबाईंच्या हातातली शेंग खाली पडली.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता कळलं तुम्ही सगळे इतके दिवस का धावत होता.”

मधल्या काळात आणखी एक फजिती झाली, ती थोडक्यात. नणंदेला टाकीची पातळी दाखवणारा डिस्प्ले हवा होता. पाय कमी पडले म्हणून मोठी चिप घेतली, त्याच घराण्यातली एसटीएम८एस१०५. तोच प्रोग्राम, तेच रजिस्टर, तीच पीडी४ पिन. दोन संध्याकाळी चिडीचूप. छोट्या चिपमध्ये बीपर पीडी४ वर आपोआप येतो. मोठीत ती पिन टायमरकडे असते आणि बीपरला तिथे आणायला ऑप्शन बाइटमधला, म्हणजे चिपच्या कायमच्या सेटिंगमधला, एएफआर७ हा बिट एकदा लिहावा लागतो. प्रोग्रामिंगच्या वेळी, वेगळा. आत बीपर इमानदारीत वाजत होता, फक्त दाराला बाहेरून कडी. ज्या कोणाचा बझर १०५ वर मुका असेल त्याने बाकी काही तपासण्याआधी हा बिट बघावा. माझ्या दोन संध्याकाळी गेल्या त्या गेल्या.

आता मालकंस. लेकीनेच विचारलं, “आई, हे १, २, ४ म्हणजे एकच सूर ना गं?” बरोबर. दुप्पट म्हणजे वरचा सप्तक. मंद्र सा, मध्य सा, तार सा. चिपने दिलेले तीन आवाज म्हणजे एकाच षड्जाचे तीन मजले. “मग मधले?” मधले त्या पाच बिटांत. रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. भाजक ३२ म्हणजे सा धरला. मग १६ हा तार सा. मधले आकडे एकेक करून ३२ ला भागत गेलो. २४ ला बरोबर चार-तृतीयांश, शुद्ध मध्यम. २० ला आठ-पंचमांश, कोमल धैवत. १८ ला कोमल निषाद. २७ च्या जवळ कोमल गंधार. पंचम काही केल्या येईना. त्याला २१ पूर्णांक एक-तृतीयांश हवा, आणि भाजकात अपूर्णांक चालत नाही. लेक हिरमुसली. मी मात्र कागदाकडे बघत राहिले. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, आणि पंचम नाही. हा मालकंस आहे! गायक अमीर खाँसाहेबांच्या गावात, टाकीच्या अलार्ममध्ये, मालकंस दडून बसला होता.

टेबलावर जुनी पिझोची चकती पडली होती, तिच्यावरच वाजवून पाहिला. दर सुराला तिसरा बिट बंद, आकडा बदल, बिट चालू. १०००, ११८५, १३३३, १६००, १७७८, २०००. सूर बरोबर, पण मध्यम आला की लेक कान झाकून ओरडायची. बाकी सूर कुजबुजत, मध्यम भसकन अंगावर. असं का, ते हिशोब केल्यावर कळलं. चौकोनी लाटेत मूळ सुराबरोबर त्याची तिप्पट, पाचपट अशी विषम पटीतली भावंडंही असतात. १३३३ ची तिप्पट म्हणजे ४०००, चकतीची आवडती जागा! मध्यमाचं तिसरं भावंड तिथे जाऊन आदळत होतं. सा च्या तिप्पट ३०००, ध च्या ४८००, ते बाजूने निघून जात. मध्यम हा मालकंसाचा वादी स्वर, रागातला यजमान. ४ किलोहर्ट्झच्या चकतीला हे कोणी सांगितलं असेल?

गंमत म्हणजे सासूबाईंना बोलावून ऐकवलं तर त्या म्हणाल्या, “सगळेच बारीक आहेत, एकसारखे.” मध्यमाचा जो भाग आम्हाला टोचत होता तो ४ किलोहर्ट्झचा, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. आमच्यापेक्षा त्यांनीच राग समतोल ऐकला.

मग चुंबकाच्या बझरवर चढवला. लग्नाआधी सासूबाई सहा वर्षं गाणं शिकल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून आरोह ऐकला, अवरोह ऐकला, आणि म्हणाल्या, “गंधार उतरलाय.”

उतरलाच होता. ३२ भागिले २७ म्हणजे १.१८५, आणि सरळ कोमल गंधार १.२ चा. मी मंद ऑसिलेटरला दोष द्यायला निघाले होते, पण तो दोषी नव्हता. तो ११९ चा असो की १२८ चा, सगळे सूर एकदम वरखाली होतात. षड्ज सरकतो, राग मोडत नाही. चूक माझ्या भाजकातच होती. मी २७ चे २६ करून वाजवलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. “आता चढला. हा तर भलताच.”

“२६ आणि २७ च्या मधलं काही नाही हो आई त्याच्यात.”

“मग उतरलेलाच ठेव. निदान ओळखता तरी येतो.”

आता टाकी भरली की आरोह वाजतो आणि तार सा वर थांबून खणखणत राहतो. खालचा हौद संपत आला की अवरोह. तार सा बझरच्या आवडत्या २ किलोहर्ट्झवर पडत असल्यामुळे शेवटचा सूर मोटरच्या घरघरीवर मात करतो. परवा नर्मदा पहाटे साडेपाचलाच आली. मी अंथरुणातून उठेपर्यंत आरोह धैवतापर्यंत पोचला होता, आणि मोटरचं बटण खट्कन बंद झाल्याचा आवाज आला. गंधाराच्या ओळीत अजून ७९ हेक्सच आहे, म्हणजे तोच उतरलेला २७.